गाडीच्या पत्र्याच्या बारीक कामाला परवडणारं रोटरी टूल कोणतं घ्यावं?

नंदगडकर
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. रोज नंदगड-बेळगाव असा गाडीने प्रवास. गाडी २०१० ची, छोटी, केए-२२ पासिंग. इंजिन ठणठणीत आहे, पण पत्रा आता बोलायला लागलाय. मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींच्या आतल्या घडीवर रंगाला फोड आलेत. ड्रायव्हरच्या दाराची खालची कड तपकिरी दिसते. डिकीवर नंबरप्लेटच्या दिव्याजवळ गंज आहे, आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतही थोडा. बॉनेटच्या पुढच्या कडेला खडीचे टवके आहेत ते वेगळेच.

एका ठिकाणी अंदाज विचारला तर बारा हजार सांगितले आणि "चार दिवस गाडी सोडा" म्हणाले. चार दिवस गाडी नसली तर मला जमणार नाही. म्हणून मिरगाच्या आधी, मे महिन्याच्या सुट्टीत, हे काम स्वतः करायचं ठरवलंय. मेहुण्याचा चार इंची ग्राइंडर मिळतो, पण तो कमानीच्या आतल्या घडीत शिरत नाही आणि पत्र्यावर चालवायची भीती वाटते. त्यामुळे हातात मावणारं रोटरी टूल घ्यायचा विचार आहे. टूल आणि लागणारे बिट्स मिळून तीन हजार, फार तर साडेतीन. ऑनलाइन हजार-बाराशेत दोनशे तुकड्यांचा डबा मिळतो, तो घेऊ का? की सहा मिमीवाला डाय ग्राइंडर बरा? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

निपाणी_२३
दादा, तो दोनशे तुकड्यांचा डबा मी घेतलाय, म्हणून आधी लिहितो. डब्यातले फार तर पंधरा तुकडे कामाला आले. बाकी फेल्टचे गोळे, इवल्या चकत्या, कधी न लागणारे दगड. कॉलेटचं, म्हणजे बिटची दांडी पकडणाऱ्या तोंडाचं, नट कितीही आवळलं तरी बिट सरकायचा. दहा मिनिटांत अंग इतकं तापायचं की फडक्यात धरावं लागायचं. एकदा पातळ कटिंग चकती वाकडी लागली आणि फुटली. तुकडा चष्म्याच्या काचेवर आदळला. मी साधा प्लास्टिकचा सेफ्टी चष्मा घातला होता म्हणून डोळा वाचला. तेव्हापासून चष्मा नसेल तर मी प्लग लावत नाही.

एवढं असूनही टूल अगदीच वाया गेलं असं म्हणणार नाही. मुलीची सायकल, गेटचा गंज, कुलपाचा पत्रा, ही कामं त्याने केली. पण गाडीच्या चार जागा करायच्या तर ते दुसऱ्या जागेवरच दमेल.

चोर्ला_घाट
आधी एक शंका. रोटरी म्हणजे रंग चमकवायला वापरतात ते मोठं पॉलिशर का? माझ्याकडे तसलं आहे, त्याचं तोंड सहा इंची.

नंदगडकर
नाही दादा, ते रोटरी पॉलिशर, रंगाला चमक आणायचं. मी म्हणतोय ते मुठीत धरायचं, तोंडाला तीन मिमीची दांडी पकडणारं. सगळे त्याला सरसकट 'ड्रेमेल' म्हणतात ते.

उद्यमबाग_फिटर
मी टूलरूममध्ये एकवीस वर्षं आहे. कास्टिंगचे पॅटर्न आणि डाय साफ करायला हीच हत्यारं दिवसभर हातात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचं. ड्रेमेल ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावची मूळची कंपनी. आल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये सुरू केली, आणि १९९३ पासून ती बॉशकडे आहे. त्यांचं ३००० मॉडेल १३० वॅटचं, वेग मिनिटाला १०,००० ते ३३,००० फेरे. ४००० मॉडेल १७५ वॅटचं, ५,००० ते ३५,०००. हे आकडे ध्यानात ठेवा. नाव असलेली कंपनी जर मुठीतल्या टूलवर १३० वॅट लिहीत असेल, आणि त्याच आकाराच्या स्वस्त डब्यावर ८०० किंवा १००० वॅट छापलेलं असेल, तर तो आकडा बाजूला ठेवा. एवढ्याशा मोटारीत तेवढी ताकद बसवता येत नाही.

आता वेग. लोक म्हणतात, ३०,००० फेरे म्हणजे ग्राइंडरपेक्षा जोरदार. तसं नाही. ३८ मिमीची चकती ३०,००० फेऱ्यांवर फिरली की तिची कड सेकंदाला सुमारे ६० मीटर धावते. मेहुण्याच्या ग्राइंडरची १०० मिमीची चकती ११,००० फेऱ्यांवर सुमारे ५८ मीटर. म्हणजे कड दोघांचीही जवळजवळ सारखीच पळते. फरक मागच्या जोरात आहे. एक १३० वॅटचं, दुसरं साडेसहाशेच्या आसपास. पाचपट. म्हणून रोटरी टूल दाबलं की लगेच दबतं आणि तापतं. दाबायचं नाही, हलकं टेकवायचं आणि वेगाला काम करू द्यायचं. तुमचा पत्रा पाऊण मिमीच्या आसपास असतो. कमी जोराचं हत्यार त्याच्यासाठी सुरक्षित आहे, हे मी अनुभवाने सांगतो. चार इंची ग्राइंडर हात चुकला तर दोन सेकंदांत आरपार जातो.

आणि उलटी चूक कुणी करू नका. ग्राइंडरच्या चकत्यांवर ८० मीटर प्रति सेकंद ही मर्यादा लिहिलेली असते. १०० मिमीच्या चकतीला ते १५,३०० फेऱ्यांना गाठतं. असली चकती कसलं तरी अॅडॅप्टर लावून रोटरी टूलवर चढवणारे मी पाहिलेत. ३०,००० फेऱ्यांवर ती १५७ मीटरवर जाते, आणि फुटते. प्रत्येक चकतीवरचा कमाल वेग वाचूनच लावा.

डाय ग्राइंडर मी तुम्हाला सुचवणार नाही. सहा मिमीची दांडी, पाचशे वॅटच्या पुढची मोटार, वेग बहुतेकांत कमी करता येत नाही, आणि वजन दीड किलोच्या आसपास. आमच्या कास्टिंगला ते उत्तम. पण कमानीखाली उताणं झोपून हात वर धरून काम करताना ते पत्र्यात खोल चर पाडतं.

तेव्हा माझं मत असं: मधल्या किमतीचं, १३० ते १७० वॅटचं, वेग कमी-जास्त करता येणारं टूल घ्या. वेग खाली दहा हजारांपर्यंत तरी यायला हवा. वर पस्तीस हजार नसला तरी काही अडत नाही. दुकानात जाऊन घ्या, म्हणजे ही परीक्षा करता येईल. नवा ड्रिल बिट, त्याची सरळ दांडी बाहेर राहील असा, कॉलेटमध्ये उलटा पकडा, कमी वेगाने फिरवा आणि बाजूने बघा. दांडी एक रेघ दिसली तर ठीक. दोन दिसल्या किंवा कड धूसर झाली तर टूल परत करा. हेलकावा खाणाऱ्या टूलवर चांगला कार्बाइड बर, म्हणजे धातू कापणारं दातेरी टोक, तोसुद्धा पत्र्यावर नाचतो, आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात स्थिर नाही. मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हीच परीक्षा शिकवतो.

पेठेतली
फिटरदादांनी परीक्षा फार छान सांगितली. आमचं रविवार पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे परत आलेली टूल्स रोज बघते. मोटार जळून येणारी कमी. कॉलेट गेलं, मोटारीला वीज देणारा कार्बन ब्रश झिजला, स्विच तुटला, यानेच जास्त येतात. म्हणून घेताना तीन गोष्टी तिथल्या तिथे विचारा. कार्बन ब्रश वेगळे मिळतात का, आणि बाहेरून झाकण उघडून बदलता येतात का? कॉलेट आणि नट सुटं मिळतं का? बिल आणि वॉरंटी कार्ड देणार का? तीनपैकी एकाचं उत्तर 'नाही' असलं तर स्वस्त असूनही घेऊ नका.

दांडीचा घोळ तर रोजचाच. बाजारात ३.२ मिमी, ३ मिमी आणि २.३५ मिमी अशा तिन्ही दांड्या मिळतात. २.३५ ची सोनारकामाची आणि दातांच्या डॉक्टरांची. ३.२ च्या कॉलेटमध्ये ३ ची दांडी आवळली तर बसल्यासारखी वाटते आणि वेगात सुटते. निपाणीच्या दादांचा बिट सरकायचा तो बहुधा यामुळेच. दांडीच्या मापाचं कॉलेट घ्या, किंवा ०.८ ते ३.४ मिमी पकडणारं छोटं चक वेगळं मिळतं ते घ्या.

बिट्सचा डबा मात्र घेऊच नका. सुटे घ्या: एक डबल कट कार्बाइड बर, गोल टोकाचा. १३ मिमी आणि ६ मिमीचे सँडिंग ड्रम, त्यांवर चढवायच्या ६० आणि १२० नंबरच्या पॉलिशपेपरच्या बाह्या. नायलॉनचे घासणारे ब्रश दोन-तीन. एवढ्यात तुमचं सगळं होतं. उरलेले पैसे प्रायमरला ठेवा.

हुपरीकर
आमच्याकडे चांदीच्या कामाला टांगायची मोटार वापरतात. वर हुकाला मोटार, खाली लवचीक शाफ्ट, पेनासारखा हँडपीस आणि पायाखाली पेडल. पायाने वेग कमी-जास्त होतो, दोन्ही हात मोकळे. कमी वेगाला जोर छान असतो. जुनी मोटार ओळखीत कमी पैशांत मिळून जाते. नंदगडकर, तुम्हाला कमानीच्या घडीत शिरायचंय ना, तिथे मोटारीचं जाड अंग जाणारच नाही. पेनाएवढा हँडपीस जाईल. म्हणून कुठलंही टूल घ्या, पण फ्लेक्सिबल शाफ्टसकट घ्या.

शाफ्टला दोन पथ्यं. घट्ट वळण द्यायचं नाही, मोठ्या गोलाईत सोडायचा. आणि आतल्या तारेला अधूनमधून ग्रीस. कोरडी तार तापते आणि एक दिवस पिळवटून तुटते. लांबीची (पुट्टीची) धूळ हँडपीसमध्ये जाऊ देऊ नका, बेअरिंग खलास होतात. सोनारकामाचा हँडपीस गाडीला वापरलात तर परत दागिन्याला वापरू नका, एवढीच विनंती.

लांबीवाला
पंचवीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. वडिलांपासून हेच काम. तुम्ही सगळी हत्याराची चर्चा करताय, ती बरोबर हाय, पण हत्यार म्हणजे कामाचा पाचवा हिस्सा. राहिलेलं मी सांगतो.

पहिलं, गंज किती हाय ते बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं फोड टोचा. टणक लागला तर वरचा गंज. टोक आत गेलं तर तिथं पत्राच राह्यलेला न्हाई. दाराखालची लांब पट्टी, म्हणजे सिल, सस्पेन्शन जिथं बसतंय ती जागा, सीटबेल्टचा बोल्ट जिथं हाय ती जागा, हितं टोक आत गेलं तर हात लावू नका. त्यो गाडीचा कणा हाय. तिथं वेल्डर लागतोय, आणि चांगला वेल्डर लागतोय.

दुसरं, तारेचा ब्रश. सगळे पहिल्यांदा त्योच लावतात. पत्रा आरशागत चमकतोय, माणूस खूश. पण भिंगातून बघा, खड्ड्या-खड्ड्यात काळा गंज तसाच बसलेला असतोय, ब्रशनं वरून नुसती पॉलिश मारलेली. सहा महिन्यांत परत फोड. गंज कापून काढायचा असतोय, घासून चमकवायचा नसतोय.

उद्यमबाग_फिटर
लांबीवाले अण्णांशी मी पूर्ण सहमत नाही. तारेचा ब्रश सुट्टा रंग आणि वरची पापडी काढायला सगळ्यात चटकन काम करतो, आणि चांगला पत्रा खात नाही. कार्बाइड बर अनोळखी हातात दिला तर पाऊण मिमीच्या पत्र्याला अर्धा मिमी करून ठेवतो. फक्त ब्रशचा वेग १५,००० च्या वर नेऊ नका, ड्रेमेलचीही ब्रशला तीच मर्यादा आहे. त्यापुढे तारा सुटतात आणि सुईसारख्या कातडीत घुसतात.

लांबीवाला
पापडी काढायला ब्रश, मान्य. मी म्हणतोय ते शेवटचा हात ब्रशचा नसावा. ब्रशनं उघडा, मग ६० नंबरच्या ड्रमनं हलकं फिरवा, आणि जिथं काळा ठिपका राहील तिथंच बरचं टोक टेकवा. एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त न्हाई. पत्र्याला हात लावून बघा, चटका बसला तर थांबा. पातळ पत्रा तापला की फुगतोय, मग ठोकून बसत न्हाई. निळा झाला तर समजा जास्त झालं.

उद्यमबाग_फिटर
हा क्रम मला पटला.

नंदगडकर
दोघांचेही आभार. हीच माहिती मला कुठे सापडत नव्हती. अण्णा, गंज काढल्यावर पुढे काय? मी गंज खाणारं केमिकल आणून ठेवलंय. त्यावर इपॉक्सी प्रायमर मारणार आहे.

लांबीवाला
बाटलीवर बघा, फॉस्फोरिक अॅसिड असंल. ते गंजाशी मिळून लोखंडाचं फॉस्फेट करतंय, ते चांगलं. पण त्याचा अंश पत्र्यावर राह्यला तर वर इपॉक्सी नीट धरत न्हाई, सालीगत निघतोय. एक तर अॅसिड लावा, कंपनीनं लिहिलंय तसं धुवा, लगेच पुसून पूर्ण वाळवा, मग परत १२० नं हलकं घासा आणि मगच इपॉक्सी. नाहीतर कापून लखलखीत केलेल्या पत्र्यावर थेट इपॉक्सी. तुमच्या खानापूर भागात हवेतच पाणी. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, सकाळी लाल झालेला दिसंल. दहा वाजता उघडा, संध्याकाळच्या आत प्रायमर.

आणि लांबी, म्हणजे पॉलिस्टर पुट्टी, उघड्या पत्र्यावर कधीच न्हाई. ती पाणी पिते. खाली इपॉक्सी, मग लांबी, मग सर्फेसर, म्हणजे रंगाखालचा सपाट करणारा थर, मग रंग. जुनी गाडी घेताना लोक चुंबक लावून बघतात ते ह्याच्यासाठीच. जाड लांबीवर चुंबक धरत न्हाई.

पेठेतली
अण्णा, एक भर घालते. इपॉक्सी आणि हार्डनरवाला रंग घरी स्प्रेने मारताना साधा एन-९५ मास्क पुरत नाही. तो धुळीला ठीक, हार्डनरच्या वाफेला नाही. त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो. आतल्या घडीला ब्रशनेच लावा, ती दिसणारी जागा नाही. शिवाय ब्रशने थर जाड बसतो.

आणि सुती हातमोजे घालून फिरतं टूल धरू नका, धागा गुंडाळला की बोट ओढतं. पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल बाजूला ठेवायचा. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

अथणी_ऊस
मी ट्रॅक्टरच्या मडगार्डासाठी हाच विचार करतोय. आमच्याकडे लाइट कधी येते कधी जाते, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं. बॅटरीवालं १२ व्होल्टचं टूल घेतलं तर चालेल का? की घरच्या इन्व्हर्टरवर चालवू?

उद्यमबाग_फिटर
टवके, एखादा बोल्ट, एवढ्याला बॅटरीवालं सोयीचं. पण गंज काढणं म्हणजे सलग अर्धा-पाऊण तास, एक बॅटरी पुरत नाही, आणि दुसऱ्या बॅटरीच्या किमतीत वायरवालं अख्खं टूल येतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर चालवा. साधा चौरस वेव्हचा असेल तर वेग कमी-जास्त करणारं सर्किट नीट वागत नाही, गुणगुणतं आणि तापतं. तुमच्या मडगार्डाचा पत्रा गाडीपेक्षा जाड असतो, जागा मोकळी असते. तुम्हाला चार इंची ग्राइंडर आणि फ्लॅप डिस्क (पॉलिशपेपरच्या पाकळ्यांची चकती) पुरे. रोटरी टूलने मडगार्ड करायला तुम्हाला आठवडा लागेल.

चोर्ला_घाट
मी आठवड्यातून तीनदा गोव्याला जातो, चोर्ल्याची खडी आणि लाल चिखल दोन्ही खातो. बॉनेटच्या टवक्यांबद्दल सांगतो. तिथे रोटरी टूल अजिबात लावू नका. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम एक दशांश मिमीच्या आसपास असतात. टूल टेकलं की टवका ज्वारीच्या दाण्याएवढा होता तो रुपयाएवढा होतो. मी पॉलिशपेपरची बारीक गुंडाळी करून, नाहीतर काडीच्या टोकाला चिकटवून, फक्त खड्ड्यात घासतो. मग प्रायमरचा थेंब, वाळल्यावर टचअप रंगाचा थेंब, दोन-तीन वेळा. लांबून कळतसुद्धा नाही.

आणि काम सुरू करायच्या आधी कमानीच्या आतून पाण्याचा फवारा मारा. माझ्या गाडीतून दोन ओंजळी चिखल निघाला होता. तो ओला चिखल घडीत बसून राहतो, तिथेच गंज धरतो. गोव्याला जाणाऱ्यांनी तर खारी हवाही धरावी.

लांबीवाला
बरोबर बोललासा. आणि पेट्रोलच्या झाकणापाशी ठिणगी उडणारं कायबी न्हाई. तिथं हातानं, ओल्या वॉटर पेपरनं. डिकीच्या काचेजवळ काम करताना काचेवर जाड ओलं गोणपाट टाका. ठिणगी काचेत रुतून बसती, मग ठिपके जन्मात जात न्हाईत. कमानीच्या पलीकडं, गाडीच्या आतल्या बाजूला, फेल्ट नाहीतर डांबरी चादर असती ती आधी बघा. धुमसायला लागली तर बाहेरून कळत न्हाई. पाण्याची बादली जवळ पाहिजे.

नंदगडकर
मंडळी, टूल आणलं. बेळगावात तीन दुकानं फिरलो. खिशात नवा ३ मिमीचा ड्रिल बिट घेऊन गेलो होतो. पहिल्या दुकानात परीक्षा करूच देईनात. दुसऱ्या ठिकाणी दोन टूल्सवर दांडी चक्क दुहेरी दिसली. दुकानदारालाही ते नवीन होतं, त्याने स्वतः वाकून बघितलं. तिसऱ्या ठिकाणी एक रेघ दिसली. १५० वॅट, आठ हजारांपासून वेग, कार्बनची झाकणं बाहेरून, फ्लेक्सिबल शाफ्टसकट २,४०० ला. सुटे बिट्स, बाह्या आणि ब्रश ६५० चे. चष्मा होता. मास्क ताईंनी सांगितला तसला मित्राकडून आणला.

पहिल्या दिवशी फक्त दाराची कड केली. जुन्या डब्याच्या पत्र्यावर आधी अर्धा तास हात बसवला, त्याचा खूप फायदा झाला. बर पहिल्यांदा उजवीकडे पळतो, तो कुठल्या बाजूला ओढतो ते हाताला कळलं की मग सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी डाव्या कमानीची घडी. फवारा मारला तर चिखलाबरोबर वाळलेली पानंही निघाली. शाफ्टचा हँडपीस आत अगदी आरामात गेला, हुपरीकरांचे मनापासून आभार. पण ड्रम फिरवता फिरवता एका जागी पत्रा चुरगळल्यासारखा झाला आणि आरपार भोक पडलं, करंगळी जाईल एवढं. फोटो टाकलाय. ह्याच्यावर जाळी लावून लांबी भरू का?

लांबीवाला
न्हाई. फोटो बघितला. भोक तुम्ही पाडलं न्हाई, ते होतंच, रंगानं झाकलेलं होतं. जाळी आणि लांबी म्हणजे पुढच्या पावसापर्यंतचा कारभार. भोकाच्या भवती जिथपर्यंत पत्रा पातळ हाय तिथपर्यंत कापून टाका, चांगला टणक पत्रा लागंपर्यंत. तुमच्या टूलला पातळ कटिंग चकती लावून होतंय, चकती सरळ धरा, पिळू नका. मग तेवढ्याच मापाचा पत्रा वेल्डरकडून बसवून घ्या. एक सलग शिलाई न मारता ठिपके-ठिपके मारायला सांगा, नाहीतर कमान ताणून वाकडी होईल. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा. मागच्या बाजूनं इपॉक्सी विसरू नका. वेल्डिंगनं आतला रंग जळलेला असतोय, गंज तिथनं परत येतोय.

निपाणी_२३
अण्णा, वेल्डर लोक एवढ्याशा कामाला हो म्हणत नाहीत.

लांबीवाला
कापून, साफ करून, पत्रा मापात कापून घेऊन गेलासा तर म्हणतात. त्यांना साफसफाईचाच कंटाळा असतोय. वेल्डिंग दहा मिनिटांचं.

नंदगडकर
अगदी तसंच झालं. सगळं तयार करून नेलं, खानापुरात एकाने पाव तासात पत्रा बसवून दिला, तीनशे घेतले. शिलाईचे उंचवटे रोटरी टूलने सपाट करायला मात्र दीड तास लागला. फिटरदादा म्हणाले तसं, इथे जोर कमी पडतो. टूल तापलं की थांबायचं, पाच मिनिटं चालवायचं, पाच मिनिटं ठेवायचं. त्या जागी ग्राइंडर चालवायचा मोह झाला होता, पण आवरला.

उजवी कमान, डिकी झाली. इपॉक्सी आतून ब्रशने दोन हात. बाहेरून लांबी अगदी पातळ. पेट्रोलचं झाकण हाताने. रंग मात्र बाहेर दिला, जुन्या रंगाशी मेळ घालणं माझ्याच्याने होणार नाही हे मान्य केलं. एकूण खर्च टूल धरून साडेसहा हजार. टूलवर तीन हजारच गेले. बाकी वेल्डिंग, प्रायमर, लांबी आणि रंगाची मजुरी.

हुपरीकर
छान. शाफ्ट गुंडाळून ठेवू नका, लटकवून ठेवा.

नंदगडकर
दसरा झाला, म्हणून धागा वर आणतोय. चार महिने पावसात रोज गाडी चालवली. दार, डिकी आणि डावी कमान, म्हणजे जिथे नवीन पत्रा बसवला ती, अगदी स्वच्छ. उजव्या कमानीच्या मागच्या कोपऱ्यात मात्र तांदळाएवढे दोन फोड दिसलेत. तिथे मी सगळं डावीसारखंच केलं होतं. अण्णा, काय चुकलं असेल?

लांबीवाला
त्या कोपऱ्याच्या खाली पाणी निघायचं छोटं भोक असतंय. हाताला लागतंय का बघा.

नंदगडकर
आत्ता जाऊन बघितलं. भोक सापडलं, पण माझ्याच प्रायमरने बुजलंय. तार घातली तर आतून तांबडं पाणी आलं.

लांबीवाला
मग तेच कारण. ते भोक तारेनं पूर्ण मोकळं करा, आत पाण्याचा फवारा मारून दोन दिवस उन्हात वाळू द्या. फोडाची जागा ६ मिमीच्या ड्रमनं परत उघडा, बर लावायची गरज न्हाई लागायची. इपॉक्सी लावताना भोकात काडी घालून ठेवा. वाळलं की त्या भोकातनं आतल्या पोकळीत मेणाचा स्प्रे मारा. डाव्या कमानीचंबी भोक बघून घ्या, तिथं अजून फोड आला न्हाई म्हणजे ते मोकळंच हाय असं न्हाई.

नंदगडकर
डावीचंही अर्धं बुजलेलं निघालं. दोन्ही मोकळी केली. रविवारी ऊन असलं की उजवी उघडतो आणि फोटो टाकतो.